दोघांचे बटाटे

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या मंडळीचे नवे पाळक रेव्हरंड हार्टकाम्प, मंचावर विराजमान झालेले पंचमंडळाचे सन्माननीय सभासद, जिला निरोप द्यायला आपण जमलो आहोत ती आपली टानेके कोपेयान, आणि नेहमीप्रमाणे मागच्या रांगा पटकावून पुढच्या मोकळ्या ठेवणाऱ्या माझ्या गावकरी बंधुभगिनींनो,

मला बोलायला उभं केलं ही पंचमंडळाची चूक आहे, आणि तिचं खापर मी माझ्या डोक्यावर फोडून घेणार नाही. उभी हयात मी या गावात किराणा विकला. दुकानदाराला बोलता येतं असा लोकांचा समज असतो. खरं सांगू का? दुकानदाराला तीनच वाक्यं येतात. काय देऊ, आणखी काही, आणि आज वारा फार आहे. या बेटावर तिसरं वाक्य कधी खोटं पडत नाही, त्यामुळे दुकान चाललं. पुढे शहरातलं मोठं दुकान फाट्यावर येऊन बसलं आणि माझी तीन वाक्यंही गेली.

माझ्या आधी पंच योस्त मिनार्ड बोलले. टानेकेने रविवारची शाळा किती वर्षं चालवली, आजाऱ्यांना कशी भेटत राहिली, देवळाचं छप्पर गळत होतं तेव्हा तिने कोणाकोणाला कसं कामाला लावलं, हे सगळं त्यांनी सांगितलं. ते सगळं खरं आहे. मी सांगणार आहे ते पंचमंडळाच्या सभेत कधी निघालं नाही. निघालं असतं, तर पुढच्या विषयाकडे वळूया असं म्हणून कुणीतरी घसा खाकरला असता.

पाळकसाहेब उत्रेख्तहून आलेत, नवे आहेत. तेव्हा त्यांच्यासाठी एक गोष्ट आधी सांगतो. बाकीच्यांनी तोवर, उपदेशाच्या वेळी काढतात तशी, पेपरमिंट काढावी. पाळकसाहेब, शहरात लोक शास्त्रातला आवडीचा उतारा निवडून वाचतात असं ऐकतो. आमच्याकडे निवडत नाहीत. संध्याकाळचं जेवण झालं की ताटं जागच्या जागी ठेवायची, शास्त्र उघडायचं आणि कालच्या पुढचा अध्याय वाचायचा. मग तो डोंगरावरच्या उपदेशाचा निघो, नाहीतर भिंतीवरच्या बुरशीचं काय करावं याचा. गाळायचं नाही, उडी मारायची नाही. शेवटाला पोचलं की पुन्हा उत्पत्तीपासून सुरू. वाचून झालं की बापाने पोरांना विचारायचं, "शेवटचा शब्द कोणता?" म्हणजे लक्ष होतं की नाही ते कळतं. आमचा लेन सबंध अध्यायभर फुटबॉल खेळायचा डोक्यात, आणि माझा आवाज उतरायला लागला की नेमका तेवढा शब्द झेलायचा. तो आता रॉटरडॅमला असतो. दर रविवारी फोन करतो आणि विचारतो, "बाबा, जेवलात ना?" मी म्हणतो, जेवलो. तो म्हणतो, बरं मग.

पोरगं गेल्यावर मी आणि माझी बायको मिना, दोघंच राहिलो टेबलाशी. शेवटचा शब्द मी तिला विचारायचो. ती मुद्दाम भलताच सांगायची. मी म्हणायचो, "पोरासारखं करू नकोस." ती म्हणायची, "मग पोरासारखं विचारू नकोस." असं कितीतरी वर्षं चाललं. पवित्र शास्त्राशी आमचं नातं म्हणाल तर ते असं होतं, बटाट्याचा वास असलेलं.

मिनाला दवाखान्यात न्यायचं ठरलं, त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही नहेम्याचा दुसरा अध्याय वाचला होता. पुढचा तिसरा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, म्हणजे मागच्या रांगेसाठी, सांगतो: यरुशलेमची पडकी भिंत कुणी कुठे बांधली याची नुसती नावं आहेत त्यात. उच्चारता जीभ वळत नाही अशी. सकाळी गाडीत बसताना मिना म्हणाली, "तिसरा एकट्याने वाचू नकोस हं. ती नावं तुला जमायची नाहीत." चेष्टा होती ती. ती परत आली नाही.

तेव्हा गावाने मला वाऱ्यावर सोडलं, असं कुणी म्हणू नये. सूप आलं. वाटाण्याचं आलं, कोंबडीचं आलं, गोळे घातलेलं आलं. माणसं मागच्या दारात उभी राहत, पातेलं हातात देत, "गरम आहे, सांभाळ" म्हणत आणि सायकलवर टांग टाकून निघून जात. मी पातेली घासून परत करायला गेलो, तर तिथेही दारातच. "आवडलं?" "आवडलं." "बरं मग." माझ्या फ्रीजमध्ये सूप ठेवायला जागा नव्हती आणि घरात एक माणूस बसत नव्हतं. मी तक्रार करत नाही. मीसुद्धा जन्मभर असंच सूप पोचवलंय; आपल्याला दुसरं येत नाही.

रविवारी दोन्ही वेळा मी उपासनेला यायचो, इथेच, खांबाजवळच्या बाकावर. उपदेश सुरू झाला की मिना माझ्या तळहातावर पेपरमिंट ठेवायची. ती गेल्यावर माझ्या खिशात सबंध पुडी असायची, पण स्वतःच्या हाताने स्वतःला पेपरमिंट द्यावी असं वाटेना, म्हणून खाणंच सोडलं. बाहेर पडताना सगळे विचारत, "कसं काय, क्राइन?" मी म्हणायचो, "बरं चाललंय." जो माणूस रविवारी दोनदा देवळात दिसतो त्याचं बरंच चाललेलं असतं, असा आपल्या गावाचा हिशेब आहे. माझं बरं चाललेलं नव्हतं. मला फार एकटं वाटत होतं, इतकं की संध्याकाळी दुकानाच्या बंद शटरवर वारा आपटला की कुणी आलं असं वाटून मी उठायचो.

त्या हिवाळ्यात पंचांची वार्षिक भेट आली, म्हणजे पंच घरी येऊन विश्वासाची विचारपूस करतात ती. पाळकसाहेब, आमच्याकडे पुढचं दार लग्नाला, प्रेताला आणि पंचांना उघडतं. मी ते ढकलून उघडलं, योस्त आणि त्या वर्षीची दुसरी पंच टानेके आत आले, कोट टांगले, मी कॉफी दिली, एकेक बिस्किट दिलं आणि डब्याचं झाकण लावलं. सगळं रीतीप्रमाणे.

योस्तने विचारलं, "देवाशी कसं चाललंय, क्राइन?"

"बरं चाललंय."

"प्रार्थना?"

"होते."

"वाचन?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. मग योस्तनेही खिडकीबाहेर पाहिलं. योस्त, राग मानू नकोस. तू सज्जन माणूस आहेस, आणि सज्जन माणसाला दुसऱ्याची पंचाईत झालेली बघवत नाही.

टानेके बिस्किट कॉफीत बुडवत होती. तिने मान वर न करता विचारलं, "आज जेवलास काय?"

"घेवडा."

"ताटात?"

"पातेल्यात."

"बसून की उभ्याने?"

माझ्या विश्वासाबद्दल मला आजवर पुष्कळ पंचांनी पुष्कळ प्रश्न विचारलेत. एवढा अवघड कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "उभ्याने. ओट्याशी."

"घोडापण असाच जेवतो," ती म्हणाली, "पण त्याला बिचाऱ्याला खुर्ची नसते."

योस्तने घसा खाकरला. पण माझं तोंड सुटलं होतं. मी सांगून टाकलं. टेबलाशी बसलो की जेवल्यावर वाचावं लागतं. वाचायचं तर पुढचा अध्याय. पुढचा तिसरा, आणि तो एकट्याने वाचायचा नाही असं मिना सांगून गेली. तिला सोडून पुढे कसा जाऊ? म्हणून टेबलाशी बसतच नाही. ओट्याशी खाल्लेलं काही जेवण नव्हे, आणि जेवण नाही तर वाचन नाही. बघा, देवाच्या हातून निसटायला मी कशी पळवाट काढली होती! वकील व्हायचा तो वाणी झालो.

आता इथे दुसऱ्या कुणी मला एखादं सांत्वनाचं स्तोत्र वाचून दाखवलं असतं. मेंढपाळाचं वगैरे. टानेकेने काय केलं? तिने आणखी नको म्हणून कॉफीचा कप उपडा ठेवला आणि म्हणाली, "ती म्हणाली एकट्याने वाचू नकोस. वाचूच नकोस, असं कुठे म्हणाली? मंगळवारी साडेपाचला येते मी. दोघांचे बटाटे लाव."

योस्तने विचारलं, "ही पंचांची भेट म्हणून नोंदवायची का?"

"नको," ती म्हणाली. "भूक म्हणून नोंदव."

मंगळवारी ती आली, ती मागच्या दाराने. सायकल मात्र पुढच्या खिडकीला टेकवून आली, रस्त्यावरून दिसेल अशी. मी म्हटलं, "अगं, लोक काय म्हणतील? विधुराच्या दारात बाईमाणसाची सायकल!" ती म्हणाली, "परसात लपवली तर म्हणतील. पुढे ठेवली तर जेवायला आलीय म्हणतील." तिचा अंदाज निम्मा खरा ठरला. बेकरीवाल्या आमच्या वहिनी इथे बसल्या आहेत, त्यांनी पुढचं वर्षभर मला दर बुधवारी विचारलं, "काय क्राइन, काल किती बटाटे?" वहिनी, आज जाहीर सांगतो. सहा. तिला दोन, मला चार.

बटाटे सोलताना मला भीती होती की दोघांचा अंदाज चुकेल. चुकला नाही. हाताला आठवत होतं, आणि ते बघून मला ओट्याशीच भरून आलं. पण जेवलो बसून, ताटात. मग शास्त्र उघडलं. खुणेची लाल फीत जिथे होती तिथेच होती. मी तिसरा अध्याय वाचायला लागलो. नावांवर अडखळत होतो, टानेके सुधारत नव्हती. तिलाही येत नव्हती. तुम्ही कधी नीट वाचलाय तो अध्याय? अमक्याने एवढी भिंत बांधली. त्याच्या शेजारी तमक्याने बांधली. त्याच्या शेजारी आणखी कुणी. सबंध अध्यायभर तेच, त्याच्या शेजारी, त्याच्या शेजारी. लहानपणापासून ऐकत आलो, कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी सातव्या-आठव्या शेजाऱ्यापाशी माझा आवाज गेला. मी रडलो. मोठ्याने रडलो, दफनाच्या दिवशी रडलो नव्हतो तसा.

टानेकेने माझ्या पाठीवर हात फिरवला नाही. माझं रडणं ओसरल्यावर ती म्हणाली, "नाक पूस आणि पुढे वाच. भिंत अजून व्हायचीय."

मी वाचलं. संपल्यावर तिने शाळामास्तरणीसारखं विचारलं, "शेवटचा शब्द?" आपल्या जुन्या भाषांतरात त्या भिंतीचा शेवटचा तुकडा सोनार आणि वाणी मिळून बांधतात. मी पुस्तकात पाहिलं आणि म्हणालो, "वाणी." मग आम्ही दोघं हसलो, इतकं की कॉफी करायची राहून गेली. हजारो वर्षांपूर्वीच्या त्या भिंतीपाशी आमच्या धंद्यातलं कुणीतरी दुसऱ्याच्या शेजारी उभं होतं, हे ऐकून मला फार बरं वाटलं, हे मी कबूल करतो.

तेव्हापासून दर मंगळवार. एकट्याने वाचायचं नाही हा नियम मी पाळला, त्यामुळे आठवड्याला एकच अध्याय. ईयोबाचं दुःख आम्हाला जवळजवळ वर्षभर पुरलं. स्तोत्रांना तीन वर्षं लागली. आम्ही गहन चर्चा केल्या असं पाळकसाहेबांना वाटेल, तर तसं काही नाही. टानेके म्हणायची, "ईयोबाच्या मित्रांनी पहिले सात दिवस तोंड उघडलं नाही तोवर बरं केलं, नंतर वाट लावली." झाली चर्चा. उरलेले सहा दिवस मी एकटाच जेवायचो, पण ताटात वाढून, बसून, कारण मंगळवारी ती विचारणार हे ठाऊक असायचं.

आणि आता ती चालली. दूर उत्तरेला, ग्रोनिंगनकडे, धाकट्या बहिणीपाशी. तिने हे मला मागच्याच्या मागच्या मंगळवारी सांगितलं. एखाद्या उपदेशकाने त्या दिवसासाठी सुंदर वचन शोधून काढलं असतं. आमच्या वाट्याला क्रमाने आला तो नीतिसूत्रांतला अध्याय, भांडखोर बायको म्हणजे पावसातलं गळकं छप्पर, हा. वाचून झाला. ताटं धुताना ती म्हणाली, "बहिणीचा फोन आला होता. ती म्हणाली, ये, मला एकटीला जेववत नाही. मी जातेय."

मी म्हणालो, "तू लोकांसाठी फार करतेस."

तेव्हा तिने हातातलं ताट खाली ठेवलं. जे ती पुढे म्हणाली ते इथे सांगू का, असं मी काल तिला विचारलं. ती म्हणाली, सांग, मी तर गाडीत बसून निघून जाणार आहे.

ती म्हणाली, "क्राइन, मी तुझ्यावर उपकार केले असं तुला वाटतं ना? मी लग्न केलं नाही. आई गेल्यापासून मी एकटी जेवले. रोज. मी किती जणांकडे सूप पोचवलं असेल? प्रत्येक दारात मला वाटायचं, ही म्हणेल आत ये, बस. आणि कुणी म्हणायच्या आत मीच सायकलवर टांग टाकायची. त्या दिवशी तू 'उभ्याने, ओट्याशी' असं म्हणालास तेव्हा मला वाटलं, अरे, हा तर माझ्यासारखाच. मला मागता आलं नाही, म्हणून मी द्यायला आले. माझ्या बहिणीने सरळ मागितलं. इतकं सोपं होतं ते, आणि मला सत्तर वर्षांत जमलं नाही."

मी ताट पुसत राहिलो. कोरडं झालं तरी पुसत राहिलो. थांब, जाऊ नकोस, असं म्हणायचं होतं मला. म्हटलं नाही. तिच्या बहिणीने आधी मागितलं होतं, आणि तिचा हक्क होता.

बंधुभगिनींनो, घेण्यापेक्षा देण्यात धन्यता आहे, हे वचन आपल्याला पाठ आहे. आपण ते इतकं मनावर घेतलं की घ्यायला कुणी उरलंच नाही. सगळं गाव सूप घेऊन एकमेकांच्या दारात उभं, आणि टेबलं रिकामी! मग देणाऱ्याने जायचं तरी कुठे? मागा म्हणजे तुम्हाला मिळेल, हेही आपल्याला पाठ आहे. ते आपण देवापुरतं ठेवलंय. दिवा मालवून, डोळे मिटून त्याच्याकडे काय वाटेल ते मागतो. देवाकडे मागितलेलं शेजाऱ्याला ऐकू जात नाही, ही केवढी सोय आहे!

टानेके, तुझे आभार मानायला मला या लोकांनी उभं केलंय, आणि आभाराचे शब्द माझ्याकडे नाहीत. तुझ्या बहिणीला माझा नमस्कार सांग. तिने तुला मागून घेतलं याचा मला राग आला होता. आता हेवा वाटतो. तिथे वारा कमी असेल. जप.

अध्यक्षमहाराज, पंचमंडळ, कॉफी करणाऱ्या भगिनी आणि इतका वेळ ऐकून घेणारे तुम्ही सगळे, मी तुमचा ऋणी आहे. नावं घेताना कुणी राहिलं असेल, चेष्टेत कुणाला लागलं असेल, तर जुना वाणी समजून पोटात घाला. बोलायला सांगितलं होतं त्यापेक्षा जास्त बोललो, त्याबद्दलही क्षमा असावी. खाली बसण्याआधी एकच राहिलंय, आणि ते म्हणायला मला सबंध भाषण लागलं.

येत्या मंगळवारी मला एकट्याला जेववणार नाही. कुणीतरी या. सूप आणू नका.